आईसाठी गाण्याचा क्लास आणि संध्याकाळचे कार्यक्रम (नाशिक, इंदिरानगर-राणेनगर परिसर): सल्ला हवा

वैदेही_इंदिरानगर
नमस्कार. आई (वय ६४) दिवाळीनंतर चाळीसगावचं घर बंद करून कायमची आमच्याकडे आली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. प्रार्थना, समूहगीतं, पंधरा ऑगस्टची गाणी सगळी तीच बसवायची. तिथे गल्लीत प्रत्येक दाराशी थांबून बोलायची, इथे दिवसभर घरात एकटी असते. आम्ही दोघं अंबडला कामाला, लेक शाळेत. तिला गाणं शिकायला आवडेल असं मला वाटतं. क्लास इंदिरानगर, राणेनगर किंवा फार तर पाथर्डी फाट्यापर्यंत हवा. फी महिना हजाराच्या आत. गुडघ्यांमुळे तिला मांडी घालून बसता येत नाही, जिने चढवत नाहीत. वेळ दुपारी चार ते सात. शिवाय तिला नेता येतील असे कार्यक्रमही सांगा. प्रमाणपत्र नको, चार माणसं ओळखीची व्हायला हवीत.

जुना_नाशिककर
गाणं शिकायचं तर गावात या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे ते नाशिकला येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म इथलाच, १९२१ चा. पंचवटीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. जुन्या नाशकात अजूनही घरी शिकवणारे गुरुजी आहेत, पाटी नाही, जाहिरात नाही. आमच्या घरात तीन पिढ्या अशाच शिकल्या.

वैदेही_इंदिरानगर
काका, माहिती छान आहे, पण पंचवटी आईला रोज जमणार नाही.

सुरमयी
आधी पेटी घ्या. घरी पेटी नसेल तर क्लासला जाऊन काही उपयोग नाही, रियाज कशावर करणार? साडेतीन सप्तकांची, डबल रीडची घ्या, सिंगल रीड अजिबात नको, आवाज पोकळ लागतो. मी मागच्या वर्षी पुण्याहून बावीस हजारांना आणली. सागवानी आहे, कपलर आहे, इतका गोड आवाज की शेजारच्या बिल्डिंगमधले विचारायला आले.

वैदेही_इंदिरानगर
ताई, बजेट महिना हजार आहे.

सुरमयी
हो, पण ही आयुष्यभराची वस्तू आहे.

षड्ज
पेटीची घाई करू नका. मोबाईलवर तानपुऱ्याचं फुकट अ‍ॅप मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरतं. त्यापेक्षा क्लास कोणत्या पट्टीत, म्हणजे किती उंच सुरात, गातो ते आधी विचारा. माझ्या सासूबाईंना आम्ही घराजवळच्या क्लासला घातलं, तिथे सगळ्या बॅचेस मुलांच्या. सगळी पोरं काळी पाच या उंच पट्टीत गायची, सासूबाईंचा आवाज काळी दोनच्या वर जात नाही. महिन्याभरात घसा बसला आणि 'मला गाता येत नाही' असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. साठीनंतर आवाज खाली येतो, त्यात कमीपणा काहीच नाही. ज्येष्ठांची वेगळी बॅच असेल तरच पाठवा, नाहीतर शिक्षकांशी आधी स्पष्ट बोला.

अमोल_सिडको
षड्ज यांच्याशी सहमत. आणि वर्षाची फी एकदम भरू नका!! आमच्या मुलीच्या वेळी एका क्लासने 'वर्षाचे भरा, दोन महिने फुकट' म्हणून पैसे घेतले. दोन महिन्यांत शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या, बदली म्हणून जो मुलगा आला तो स्वतः गाण्याच्या मध्यमा परीक्षेचा अभ्यास करत होता. पैसे मागितले तर 'नियमांत बसत नाही'. पावती अजून माझ्या कपाटात आहे. महिन्याच्या महिन्याला द्या, आणि आधी दोन-तीन तास नुसतं बसून ऐकू देतात का विचारा. जो क्लास बसू देत नाही तिथे जाऊच नका.

विशारद_पूर्ण
परीक्षा नको असं म्हणू नका. गांधर्व मंडळाच्या गाण्याच्या पहिल्या परीक्षेला, प्रारंभिकला, लेखी पेपर नसतो, पुढे प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण. वयाची अडचण नाही. परीक्षेची तारीख समोर असली की माणूस रियाजाला बसतो. मी नोकरी सांभाळून विशारद केलं, माझ्या शेजारी परीक्षेला एक आजोबा होते.

षड्ज
धागाकर्तीने प्रमाणपत्र नको असं स्पष्ट लिहिलंय. परीक्षेच्या नादात सहा महिने तेच चार राग आणि त्यांच्या व्याख्या घोकाव्या लागतात. चौसष्टाव्या वर्षी बाईंना अभंग म्हणावासा वाटला तर म्हणू द्या की.

विशारद_पूर्ण
व्याख्या घोकल्या म्हणूनच पुढे राग कळतो. नुसते अभंग म्हणत राहिलं की सूर जिथे घसरतो तिथेच घसरत राहतो, हे मी भजनात बसून ऐकलेलं आहे.

प्रकाश_ढोलवाला
क्लास कशाला, ढोलपथकात या! नाशिक ढोल म्हणजे नाशिक ढोल. गणपतीच्या आधी दोन महिने सराव असतो, गुढीपाडव्याच्या निमित्ताने गोदाघाटावर महावादन असतं, शेकडो ढोल एकदम. आमच्या पथकात पन्नाशीच्या ताई आहेत. फी जवळजवळ नाहीच.

राणेनगरची_मावशी
अहो, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या कमरेला ढोल बांधायला सांगताय?

प्रकाश_ढोलवाला
मावशी, ताशा किंवा झांज घेऊ शकतात. ध्वज धरणारेही लागतात.

अमोल_सिडको
सरावाचा आवाज आमच्या घरात रात्री साडेनऊपर्यंत येतो. मुलांची घटक चाचणी असते त्या दिवसांत. पथकांनी वस्तीपासून लांब मैदान बघावं ही विनंती.

प्रकाश_ढोलवाला
मैदान मिळवायला आम्ही किती खेटे घालतो ते कोणाला दिसत नाही.

जलरंग
धागा ढोलाकडे गेला म्हणून लिहितो. चित्रकलेचा विचार केलाय का? नाशिकला जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट, जुने वाडे, बाजार असे रंगवले की त्या चित्रांत सकाळ आहे की दुपार ते उन्हावरून कळतं. रविवारी सकाळी घाटावर बसून काढणारे आजही दिसतात. खुर्चीवर बसून करता येतं, गुडघ्यांना त्रास नाही. सुरुवातीला बारा रंगांचा साधा बॉक्स, दोन गोल ब्रश आणि जाड कागद. कागदावर मात्र पैसे वाचवू नका, पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. मी सुरुवातच तीनशे जीएसएमच्या जाड कागदावर केली.

सुरमयी
चित्रकला एकट्याने करायची गोष्ट आहे, यांना माणसं हवी आहेत. पेटीवर चार जणी जमतात.

राणेनगरची_मावशी
वैदेही, माझं ऐक. तुझ्या घराजवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल, तिथे आधी आईला घेऊन जा. वर्गणी किरकोळ असते, खुर्च्या असतात, वाढदिवस होतात, सहली निघतात. आणि आमच्या भागात महिला भजनी मंडळं बरीच आहेत. बहुतेक मंदिराच्या सभामंडपात बसतात, म्हणजे जिना नाही. एकादशीला मोठं भजन, एरवी आठवड्यातून एक-दोनदा दुपारी चारला. शिकवणीची फी नाही, महिन्याला पन्नास-शंभर जमवतात चहापाण्याला. पहिल्या दिवशी तू सोबत जा, दुसऱ्या दिवशी मात्र तिला एकटीला जाऊ दे. लेक बाजूला बसली की आई लेकीशीच बोलत बसते, बाकीच्या बायकांशी नाही. मी पंधरा वर्षांपूर्वी धुळ्याहून आले तेव्हा मला मंडळानेच धरून ठेवलं.

वाचनवेडा
कार्यक्रमांचं कोणी बोललंच नाही. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० सालची संस्था आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृहही त्यांचंच. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची फेरी तिथे लागते तेव्हा रोज एक नवं नाटक, तिकीट नाममात्र. मी तर त्या दिवसांत दुसरं कुठलंच काम घेत नाही. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात वर्षभर काही ना काही चालू असतं, पुष्कळ कार्यक्रमांना तिकीट नसतं. २७ फेब्रुवारी जवळ आली आहे, तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, जयंतीचे कार्यक्रम चुकवू नका. आणि मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला. महिनाभर रोज संध्याकाळी नवा वक्ता, मोकळी हवा, नदीचा काठ. निवृत्त शिक्षिकेला याहून चांगलं काय देणार? पाच-सहा दिवस एकाच जागी बसलं की शेजारचे ओळखीचे होतात, माझे असेच दोन मित्र झाले.

जुना_नाशिककर
पिंपळपारावरची दिवाळीची पाडवा पहाट राहिली. उजाडायच्या आत पोचलात तर जागा. आणि रंगपंचमीला रहाडी बघायला या. पेशव्यांच्या काळापासूनचे हौद, वर्षभर बुजवलेले असतात, त्या दिवशी उघडतात. आम्ही लहानपणी तिवंधा चौकातल्या रहाडीत धप्पा मारायचो, म्हणजे उडी घ्यायचो.

अमोल_सिडको
रहाडीजवळ ६४ वर्षांच्या बाईंना नेऊ नका, पाय घसरतो. आणि शालिमारला गाडी लावायला जागा नाही, तिथल्या कालिदास नाट्यगृहात नाटक असेल तर विचारूच नका. संध्याकाळी सहानंतर इंदिरानगरच्या बोगद्यातच वीस मिनिटं जातात.

वाचनवेडा
म्हणून गाडी नेऊच नका. सिटीलिंकच्या शहर बसने जा आणि परत येताना रिक्षा. मी कायम तसंच करतो. कार्यक्रम साडेआठला संपला तरी बस मिळेल असं धरून चालू नका, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

कॉलेजरोडची_अनघा
मी कॉलेज रोडला कथकला जाते, तिथे गाण्याचाही क्लास आहे. महिना अडीच हजार. वातावरण फार सुंदर.

षड्ज
हजार, इंदिरानगर, जिना नको. वरचा मजकूर वाचा हो.

वैदेही_इंदिरानगर
सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते.
मावशींचं ऐकून आईला घरापासून दहा मिनिटांवरच्या भजनी मंडळात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मग तिथून एका गाण्याच्या क्लासलाही बसून आली, षड्ज यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी विचारली. शिक्षिका चांगल्या होत्या, फी आठशे, तळमजला. मला वाटलं जमलं.
रात्री आई म्हणाली, तिला गाणं शिकायचं नाही, तबला शिकायचा आहे. मंडळात गाणाऱ्या चौदा जणी आहेत आणि ठेका धरणारं कोणी नाही. एक काका येतात, तेच आणखी दोन मंडळांत वाजवतात. ते आले नाहीत की बायका टाळांवर भागवतात आणि अभंगाची लय पळत सुटते. आईचं म्हणणं, "चौदा जणींत पंधरावी मी कशाला? जे नाही ते शिकते." शाळेतही बाक वाजवून ठेका तीच धरायची म्हणे, हे मला माहीत नव्हतं.
पाथर्डी फाट्याजवळ तबल्याचा क्लास मिळाला. फी बाराशे, म्हणजे माझ्या बजेटच्या वर, पण ती स्वतःच्या पेन्शनमधून देणार आहे आणि त्यावर मला बोलू देत नाही. खुर्चीवर बसून शिकवायला सर तयार आहेत.

विशारद_पूर्ण
६४ व्या वर्षी तबला? बोटं वळायला वेळ लागतो. गाणं सोपं गेलं असतं.

सुरमयी
तबल्याबरोबर पेटी लागेलच. लेहरा, म्हणजे तबल्यासोबतची धून, कशावर धरणार?

राणेनगरची_मावशी
शाबास! आमच्याही मंडळाला हवी आहे तबला वाजवणारी, शिकली की पाठवून दे.

तालवेडा
धागा आज वाचला. घरच्या रियाजासाठी तबला-डग्ग्याची जोडी घ्यायची असेल तर ऐका. तबला शिसवी लाकडाचा, काळी एक या सुरात लागणारा घ्या, तोंड साधारण साडेपाच इंची. डग्गा तांब्याचा चांगला पण महाग आणि जड, शिकण्यापुरता पितळी चालतो. जुनी जोडी घेताना पुडी, म्हणजे वरचं कातडं, बघा. शाईला (मधल्या काळ्या गोलाला) तडे किंवा खपली निघालेली असेल तर ती बदलावीच लागते, तो खर्च किमतीतून वजा करा. चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, चारी बाजूंनी बोटाने वाजवून एकच सूर निघतो का ते बघा, फरक असेल तर हातोडीने गजऱ्यावर (कडेच्या विणीवर) ठोकून जुळतो का तेही बघा. वादी (ताणायची चामडी पट्टी) ढिली नको, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे घट्ट बसलेले हवेत. पावसाळ्यात पुडी ओलावते आणि सूर उतरतो, तेव्हा कापडी आवरणात ठेवा आणि ओल्या हाताने वाजवू नका. खुर्चीवर बसायचं तर खालच्या कापडी चुंबळीसकट दोन्ही पक्के बसतील असं ठेंगणं टेबल किंवा स्टँड लागेल, तबला मांडीच्या उंचीला आला पाहिजे. उंच झाला की खांदा भरून येतो.
पहिले काही महिने वेग नको. तबल्याचा 'ना' हा बोल स्वच्छ निघायलाच वेळ लागतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, तोच मंडळात सर्वांत जास्त लागतो. तीनताल सर शिकवतीलच, पण हा ठेका लवकर मागून घ्या, म्हणजे तालीम आणि मंडळ बरोबर चालू राहील.
माझ्या मुलाची जुनी जोडी घरी पडून आहे, तो आता शिकत नाही. डग्ग्याची पुडी गेल्या वर्षी बदलली आहे. बघायला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. किंमत बघितल्यावर बोलू.

वैदेही_इंदिरानगर
व्यनि केला आहे, दादा. रविवारी अकरानंतर येतो. आई स्वतः वाजवून बघणार, आणि तिचे सरही यायला तयार आहेत.