मदत हवी आहे: विद्यापीठातलं समकालीन कला संग्रहालय, काच आणि संग्रहाचा पेच

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठात समकालीन कलेचं संग्रहालय उभारायचं घाटतंय आणि आराखडा ठरवणाऱ्या समितीत मी आहे. वास्तुकाराला दर्शनी बाजू पूर्ण काचेची हवी आहे. दिसेल झकास, पण कागदावरची चित्रं साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेडात ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचं वेक्सनर सेंटर हे कला केंद्र 1989 साली उघडलं. वास्तुकार पीटर आयझेनमन यांची गाजलेली इमारत, तरी आत येणारं ऊन आणि हवामान-नियंत्रणाच्या अडचणींमुळे तिची मोठी दुरुस्ती करावी लागली आणि 2005 साली ती पुन्हा खुली झाली. बैठकीत हे मांडलं, पण देखणेपणापुढे लक्स कोण मोजतो!

दुसरा पेच संग्रहाचा. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात 2018 साली उघडलेली समकालीन कला संस्था कायमचा संग्रह ठेवत नाही, फक्त बदलती प्रदर्शनं भरवते. तसं केलं तर साठवणीची जागा वाचेल, पण कलाकृती उसन्या देणारे तापमान-आर्द्रतेच्या नोंदी मागतातच. शिवाय मालाची लिफ्ट, व्हिडिओंसाठी अंधारी दालनं लागतीलच.

अशा कामात कुणी होतं का? काचेवर काय तोड काढलीत? आणि चालवण्याचा वार्षिक खर्च कला विभागाच्या माथी पडतो की त्याला वेगळा निधी असतो?