पुणे–भोर–वाई–महाबळेश्वर–महाड–वरंध घाट: रोड सायकलने ही फेरी कोणत्या दिशेने करावी?

रानवाट यांचा प्रश्न:

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघे मित्र पुण्याहून तीन दिवसांची सायकल फेरी आखत आहोत. पहिल्या दिवशी भोरमार्गे मांढरदेवीचा घाट चढून वाई, दुसऱ्या दिवशी पसरणी घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपूर व महाड, आणि तिसऱ्या दिवशी वरंध घाट चढून पुन्हा भोरमार्गे पुणे, असा ढोबळ बेत आहे. सिंहगड, बोपदेव आणि कात्रजचा जुना घाट आम्ही नियमितपणे चढतो. परंतु सामान बांधून सलग तीन दिवस घाटरस्त्यांवर सायकल चालवण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही.

ही फेरी याच दिशेने करावी की उलट, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय, राष्ट्रीय महामार्गावरून कमीत कमी जावे लागेल असा भोरपर्यंतचा रस्ता कोणी सुचवल्यास आभारी राहीन. आमच्या सायकलींना पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रे, मागे जास्तीत जास्त २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) आणि साधे रिम ब्रेक (चाकाची कड दाबून वेग कमी करणारे) आहेत. एवढ्यावर निभावेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

तुम्ही निवडलेली दिशाच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटाची फेरी आखताना बहुतेक जण कोणता चढ सोपा एवढेच पाहतात. मी मात्र आधी हे पाहतो की ज्या घाटाचा पृष्ठभाग सर्वांत खराब आहे तो आपल्या वाट्याला चढताना येतो की उतरताना. तुमच्या मार्गावर असा घाट वरंध आहे. चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो, त्यामुळे खड्डा, खडी किंवा डोंगरावरून सुटून आलेला दगड आधीच दिसतो आणि सावकाश बाजूने जाता येते. तोच खड्डा उतारावर, वळणाच्या पलीकडे, ताशी चाळीसच्या वेगात समोर आला तर अरुंद टायर आणि रिम ब्रेक यांच्या जोरावर सावरणे कठीण असते. म्हणून वरंध चढावा, आणि तुलनेने बऱ्या रस्त्याचा आंबेनळी उतरावा.

भोरपर्यंत महामार्ग टाळायचा असेल तर बोपदेव घाटाने सासवडला जावे आणि तिथून नारायणपूर, केतकावळेमार्गे कापूरहोळला यावे. महामार्ग इथे जवळजवळ केवळ ओलांडावा लागतो आणि लगेच भोरचा रस्ता सुरू होतो. हा मार्ग काही किलोमीटरांनी लांबचा आहे, शिवाय पुरंदरच्या पायथ्याजवळ आणखी एक चढ पदरात पडतो. तरीही खेड शिवापूरच्या पट्ट्यातील अवजड वाहनांच्या शेजारून जाण्यापेक्षा मी तो केव्हाही पत्करेन. पहाटे निघालात तर सासवडच्या पठारावर तुम्हाला थंडीत सीताफळ-अंजिराच्या बागांमधून जाता येईल, आणि तिघांनाही त्या रस्त्याचा मोह पडेल याची मला खात्री आहे.

भोरहून मांढरदेवीकडे जाणारा रस्ता आंबाडेमार्गे आंबाडखिंड घाट चढतो. वळणे तीव्र आहेत आणि चढ सलग आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी काळूबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाहने वाढतात, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या काळात तर या रस्त्याने सायकल घेऊन जाऊच नये. डिसेंबरच्या सुरुवातीला ती अडचण नसेल. वार मात्र पाहून ठेवा. माथ्यावरून वाईच्या बाजूला उतरताना उजवीकडे धोम धरणाचा परिसर आणि समोर पाचगणीचे सपाट माथे दिसतात. इथे थांबा, कारण दुसऱ्या दिवशीचा चढ कसा आहे हे इथूनच नीट उमगते.

पसरणीबद्दल फार लिहीत नाही. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, आणि घाट साधारण १२ किलोमीटरचा आहे. म्हणजे शंभर मीटरमागे सरासरी पाच मीटरचा, एकसारखा, लय धरता येईल असा चढ. खरी कसोटी त्यापुढच्या पाचगणी–महाबळेश्वर टप्प्याची आहे. तिथे चढ किरकोळ आहेत, पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि गाड्या ध्यानीमनी नसताना वळतात. हा टप्पा सकाळी नऊच्या आत पार पडेल अशा बेताने वाई सोडावी.

सावित्रीखोरे यांचे उत्तर:

वरंधबाबत वरील सदस्यांशी सहमत आहे, परंतु आंबेनळी केवळ उतरून टाकणे मला फार खटकते. पोलादपूर ते महाबळेश्वर हा सुमारे ४० किलोमीटरचा चढ कोकणच्या पायथ्यापासून थेट घाटमाथ्यावर नेतो. प्रतापगडाच्या पायथ्याचे कुंभरोशी साधारण मध्यावर लागते आणि तिथे दम घेता येतो. एवढी उंची, एवढी सावली आणि एवढा सौम्य चढ एकत्र असलेला दुसरा रस्ता या भागात मला माहीत नाही. तो अनुभवायचा असेल तर पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि महाड असे खाली यावे, दुसऱ्या दिवशी आंबेनळी चढून महाबळेश्वरला मुक्काम करावा आणि तिसऱ्या दिवशी पसरणी उतरून वाई, मांढरदेवी, भोर असे परतावे. यात वरंध घाट सुटतो, हे खरे. माणगाव ते महाड मुंबई–गोवा महामार्गावरून जावे लागते, हेही खरे.

तुम्ही मूळ बेतच कायम ठेवणार असाल, तर महाडहून निघण्याची वेळ काटेकोरपणे पाळा. डिसेंबर असला तरी घाटाखाली दहानंतर ऊन आणि दमटपणा दोन्ही जाणवतात, आणि पुण्याच्या थंडीची सवय असलेल्याचा अंदाज इथे चुकतो. उजाडताच निघून बिरवाडी मागे टाकावी आणि माझेरीच्या पुढचा मुख्य चढ ऊन तापण्याआधी संपवावा. माथ्याजवळ वाघजाईच्या मंदिरापाशी चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, पण आडवारी सकाळी त्या उघड्या असतीलच असे धरू नये. प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी भरून घ्यावे आणि एका बाटलीत मीठ, साखर, लिंबू घालावे. माकडे खूप आहेत, तेव्हा सायकलला टांगलेल्या पिशवीत खाऊ उघडा ठेवू नये.

माथ्यापलीकडे हिर्डोशीपासून नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने रस्ता वरखाली होत भोरला येतो. नकाशात हा भाग उताराचा वाटतो, प्रत्यक्षात मात्र छोटे चढ संपता संपत नाहीत. महाड ते पुणे हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून तिसऱ्या रात्री भोरला मुक्काम करून फेरी चार दिवसांची करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. राजवाडा पाहायलाही मग सवड मिळेल.

दातेरी यांचे उत्तर:

गिअरपुरते लिहितो. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. तीव्र वळणावर वेग ताशी सातवर आला की पायांची गती मिनिटाला ४६ फेऱ्यांच्या आसपास घसरते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे ३४ दाते असतील तर त्याच वेगात पाय ५५ फेऱ्यांनी फिरतात. एका सिंहगडासाठी २८ चालून जाईल. सामानासह सलग तीन-चार दिवसांसाठी मी ३२ किंवा ३४ दात्यांची कॅसेट लावल्याशिवाय निघणार नाही. मात्र तुमचा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट पेलतो का आणि साखळीची लांबी पुरते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे, आणि नव्या जोडणीवर निदान एकदा बोपदेव चढून पाहावा.

रिम ब्रेक चालतील, पण ब्रेकचे पॅड नवे असावेत आणि रिम अॅल्युमिनियमची असावी. आंबेनळी उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा आणि वळण संपताच सोडून द्यावेत, म्हणजे रिमला थंड व्हायला अवधी मिळतो. सावलीच्या वळणांवर सकाळचे दव असते. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ मिलिमीटरचे टायर घालावेत.

रानवाट:

सर्वांचे मनापासून आभार. कॅसेट बदलून घेतो, आणि भोरच्या मुक्कामासह चार दिवसांचा बेत मित्रांपुढे मांडतो. एक शंका उरते: वरंध घाट अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो, असे वाचले आहे. आम्ही महाबळेश्वरला असताना तसे कळले तर काय करावे?

कृष्णाकाठ:

घाट बंद ठेवण्याचे आदेश बहुधा पावसाळ्यातील दरडींमुळे निघतात, पण रस्त्याच्या कामामुळे इतर वेळीही अडथळा येऊ शकतो. जातानाच भोरच्या एसटी स्थानकावर महाडकडे जाणाऱ्या चालकाला विचारा. त्याच्याइतकी ताजी आणि खात्रीची माहिती दुसरीकडे मिळणार नाही. घाट बंद असेल तर आंबेनळी उतरूच नका, कारण खाली गेल्यावर परतीसाठी तोच घाट चढावा लागेल किंवा माणगाव, ताम्हिणीचा लांबचा वळसा घ्यावा लागेल. त्याऐवजी महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढा आणि सातारा गाठावे. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वाठार स्टेशन, सालपे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी या रस्त्याने सासवडला यावे. महामार्ग जवळजवळ टळतो, खंबाटकीचा घाटही टळतो, आणि कोणी थकले तर वाठार आणि लोणंद ही दोन्ही पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानके वाटेतच आहेत.