पीएचडी संपली, पहिली प्राध्यापकी सुरू झाली : तुमचे अनुभव लिहा

मागच्या सेमिस्टरला मी असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झाले. पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) मिळून आठ वर्षं कुणी ना कुणी माझं काम बघून "हे झालं, आता पुढचं घे" म्हणणारं होतं, आता तसं कुणीच नाहीये. लेक्चरची तयारी कुठे थांबवायची, पेपर पाठवण्याजोगा झाला का, एखाद्या विद्यार्थ्याला अजून किती वेळ द्यायचा, सगळं आपणच ठरवायचं आणि हेच मला सगळ्यात अवघड जातंय. ज्यांनी हा टप्पा पार केलाय किंवा आत्ता त्यातून जाताय त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं ते लिहा प्लीज. सल्ल्यापेक्षा घडलेलं लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

संख्याशास्त्र, चौथं वर्ष

पहिल्याच सेमिस्टरला दोन कोर्स, दोन्ही आधी कधीच न शिकवलेले. तासाभराच्या लेक्चरसाठी मी आठ-आठ तास बसायचे, रात्री दोनला स्लाइड्स पूर्ण व्हायच्या आणि सकाळी वर्गात त्या नुसत्या पळवायचे, कारण केलेलं सगळं दाखवलं नाही तर मेहनत वाया गेली असं वाटायचं. "काही शंका?" विचारायचे, मुलं गप्प, की मी लगेच पुढे. एक दिवस डिपार्टमेंटमधल्या एक सीनियर मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि नंतर एवढंच म्हणाल्या, "तू प्रश्न विचारतेस पण थांबत नाहीस गं." मेरी बड रो या शिक्षणसंशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा, फार लांब असतात ते. दुसऱ्या वर्षी निम्म्या स्लाइड्स काढून टाकल्या आणि मधेमधे एखादं उदाहरण शेजाऱ्याशी बोलून सोडवायला द्यायला लागले. आपण कमी शिकवतोय असं मन खात होतं, ते २०१४चा फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा पेपर वाचल्यावर थांबलं. विज्ञान, इंजिनिअरिंग, गणितातले २२५ अभ्यास एकत्र करून त्यांनी बघितलं, नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत नापास होणारे सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास आणि मुलांना वर्गातच काम करायला लावलं तिथे २२ च्या आसपास. आता एका लेक्चरला दोन तास, त्यानंतर फाइल बंद करते.

प्रायोगिक भौतिकशास्त्र, सहावं वर्ष

मला एक किल्ली दिली आणि खोली दाखवली. आत एक सिंक, दोन टेबलं, बाकी काही नाही. गाइडच्या लॅबमध्ये लेझर लावण्यात माझा हात चांगला होता, पण तो लेझर तिथे येतो कसा, कोटेशन कोण मागवतं, खोलीला वीज किती लागते, यातलं काहीच मी कधी बघितलं नव्हतं. मोठं मशीन आलं तेव्हा कळलं की खोलीत थंड पाण्याची लाइनच नाहीये, चार महिने ते खोक्यात पडून राहिलं. पण त्याहून मोठी चूक म्हणजे लॅब रिकामी दिसू नये म्हणून मी पहिल्याच दोन महिन्यांत दोन विद्यार्थी घेतले. त्यांना द्यायला कामच नव्हतं माझ्याकडे, आणि ते स्पष्ट सांगायची हिंमतही नव्हती. त्यातला एक वर्षभरात सोडून गेला, मुलगा हुशार होता, अजूनही वाईट वाटतं.

अजून एक, हे आधीच माहीत असलेलं बरं. टेन्यूअरच्या (म्हणजे नोकरी कायम करायची की नाही हे ठरवण्याच्या) वेळी बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यात गाइड किंवा जवळचे सहलेखक चालत नाहीत. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर माझा प्रत्येक पेपर गाइडबरोबरच होता. घाबरत फोन केला. ते म्हणाले, "हा विषय आता तुझा, मी त्यात लिहिणार नाही." त्या फोनसाठी मी त्यांचा कायम ऋणी राहीन.

जीवशास्त्र, तिसरं वर्ष

वरचं वाचून भरून आलं, कारण माझ्या बाबतीत उलटं झालं. माझ्या गाइडनी माझ्याच संशोधनाचा प्रश्न घेऊन त्यांच्या लॅबमध्ये तीन जण बसवले. पीएचडी संपतानाच कुठलं काम कुणाचं हे लिहून घ्या. मी संकोच केला आणि दीड वर्ष गेलं.

इतिहास, दुसरं वर्ष

आमच्याकडे लॅब नाही, प्रबंधाचं पुस्तक करायचं असतं. मला वाटलेलं तळटीपा कमी केल्या की झालं. पण प्रबंध चार परीक्षकांसाठी लिहिलेला, पानोपानी "मी हे वाचलंय" सिद्ध करणारा, आणि पुस्तक वाचणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं अख्खं प्रकरण काढलं तेव्हा दोन दिवस झोप लागली नाही, तीन वर्षं गेली होती त्यात.

छोटं कॉलेज, सेमिस्टरला चार कोर्स

इथे संशोधनाला दिवस मिळत नाही, अर्धा तास मिळतो. रॉबर्ट बॉइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नव्या प्राध्यापकांना वर्षानुवर्षं जवळून बघितलं होतं, त्यात चांगली सुरुवात करणारे लोक सुट्टीची वाट न बघता रोज थोडं थोडं लिहिणारे निघाले. मी सकाळी पहिल्या तासाआधी दार लावून अर्धा तास लिहिते. दोन वर्षांत एक पेपर झाला, माझ्यासाठी तो खूप आहे.

पण धागाकर्तीने विचारलंय ते "कुठे थांबायचं" मला लिखाणात नाही, मुलांच्या बाबतीत छळतं. पहिल्या वर्षी एक मुलगी दोन मार्कांनी नापास होत होती, माझ्या ऑफिसात येऊन रडली. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः गाइडसमोर अशीच बसले होते. रात्री तिचा पेपर पुन्हा तपासला, एका उत्तराला खरोखरच एक मार्क कमी दिला होता, तो दिला. दुसरा कुठेच सापडला नाही. तिला बोलावून पेपर समोर ठेवला आणि प्रत्येक उत्तर तिच्याबरोबर वाचलं, दीड तास लागला. निकाल बदलला नाही. पुढच्या सेमिस्टरला तिने तोच कोर्स पुन्हा माझ्याकडेच घेतला.