पर्मचा खर्च आणि एच-१बीची मुदत

प्रश्न: अमेरिकेत एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावर माझे पाचवे वर्ष सुरू आहे. कंपनी ग्रीन कार्डसाठी पर्म, म्हणजे अमेरिकी कामगार खात्याकडून श्रम-प्रमाणपत्र मिळवण्याची प्रक्रिया, सुरू करणार आहे. मात्र वकिलाचे शुल्क मी भरावे, असे एचआरचे म्हणणे आहे. हे नियमात बसते का?

उत्तर १: मुळीच नाही. पर्मच्या जाहिराती आणि कंपनीचा वकील यांचा खर्च कंपनीनेच सोसायचा असतो. तो पगारातून कापूनही घेता येत नाही.

उत्तर २: मला खरी काळजी मुदतीची वाटते. आय-१४० (पर्मनंतर कंपनीने ग्रीन कार्डसाठी करायचा अर्ज) मंजूर नसताना एच-१बीच्या कमाल सहा वर्षांपुढे मुदतवाढ हवी असेल, तर पर्म दाखल होऊन ३६५ दिवस उलटलेले असावे लागतात. पर्म दाखल करण्याआधी प्रचलित वेतनाची (त्या भागात त्या कामाला मिळणाऱ्या सरासरी पगाराची) सरकारी निश्चिती, रविवारच्या दोन जाहिराती आणि ३० दिवसांची जॉब ऑर्डर (राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे जागेची नोंद) यांत बरेच महिने जातात. एचआरकडून वेळापत्रक लेखी मागा.

उत्तर ३: शिवाय पर्मच्या मंजुरीनंतर १८० दिवसांत आय-१४० दाखल न झाल्यास पर्मचे प्रमाणपत्र बाद होते.