एकाकी चाहत्याने पाठवलेले पैसे घ्यावेत का?

कंदील
घटस्फोटानंतर माझा मावसभाऊ वर्षभर रात्र रात्र एका गायिकेचं लाइव्ह बघत बसायचा. नोकरी सुटलेली, मित्र दुरावलेले. एकदा मी शेजारीच होतो. त्याने पैसे पाठवले आणि सोबत लिहिलं, ‘आज सगळं संपल्यासारखं वाटतंय.’ तिने त्याचं नाव वाचलं, ते वाक्यही त्याच हसऱ्या सुरात वाचलं, थँक यू म्हणाली आणि पुढच्या नावाकडे वळली. हा मात्र खुलला. “वाचलं तिनं!” नंतर कळलं, ते पैसे उसने होते.

यूट्यूबवर २०१७ साली सुपर चॅट आलं, म्हणजे लाइव्ह चालू असताना पैसे देऊन निरोप पाठवायची सोय. रक्कम मोठी असेल तर निरोप जास्त वेळ वर राहतो, अगदी पाच तासांपर्यंत. म्हणजे विकली जाते ती दखल. आणि जो तिच्यासाठी सगळ्यात आसुसलेला, तोच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. माणूस खचलेला दिसत असेल तर त्याचे पैसे घेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सुईदोरा
मी लाइव्हवर भरतकाम शिकवते. तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण ‘दिसत असेल तर’ इथेच सगळं अडतं. मला दिसतं टोपणनाव आणि आकडा. ओळी सरसर वर जात असतात, हातात सुई असते. कोण दुःखात आहे, कोण गंमत करतंय, कसं ओळखू? आलेल्या पैशांतले ३० टक्के यूट्यूब कापून घेतं. उरतं त्यावर माझं घर चालतं.

उंबरठा
मी सात वर्षं आजारपणामुळे घरात आहे. कंदील, तुमच्या हिशेबाने मी खचलेलीच. औषधं, डॉक्टर, पथ्य, माझा प्रत्येक खर्च दुसरं कोणीतरी ठरवतं. एका कथा वाचणाऱ्याला दर महिन्याला थोडे पैसे पाठवते, तेवढंच माझ्या मर्जीचं. ‘तुम्ही आजारी आहात, राहू द्या’ म्हणून त्याने ते नाकारले तर तो मला अपमान वाटेल.

कंदील
उंबरठा, पटलं. ‘घेऊच नयेत’ हे मागे घेतो. तुम्ही विचार करून, झेपेल तेवढं देता. माझा भाऊ रात्री दोनला रडवेला होऊन पाठवत होता.

हॉर्टन आणि व्होल या अभ्यासकांनी १९५६ साली पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीबद्दल लिहिलं, तिला ‘पॅरासोशल’ म्हटलं. तेव्हा टीव्हीवरचा माणूस घरी बसलेल्याचं नाव सहसा घेत नसे. आता घेतो, पैसे आले की. सुईदोरा, रोज तेच नाव सगळ्यात वर असेल तर तेवढं तरी दिसतंच ना?

चौकट
नियम हवा. चीनने २०२० मध्ये अल्पवयीनांना लाइव्हवर पैसे द्यायला मनाई केली. प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडून हे सुटणार नाही.

उंबरठा
वय कागदावर असतं. एकटेपणाचा दाखला कुठून आणायचा?

सुईदोरा
कंदील, दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यात आहे. हो, एक नाव रोज वर असतं. ‘सर्वाधिक देणारे’ ही यादी मी काल पडद्यावरून काढली. सुरुवातीलाच सांगितलं की काही न पाठवताही विचारा, टाका चुकला तर दाखवेन. काल ते नाव आलं नाही. त्या व्यक्तीला निरोप लिहायला बसले आहे, पहिली ओळच सुचत नाही.