चर्चा: हेवीच्या पुणेरी पगडीला रंग लावू द्यावा का?

सदाशिवपेठी: टीम फोर्ट्रेस २ या व्हिडिओ गेमच्या वर्कशॉपसाठी, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या वस्तू जिथे देतात तिथे, हेवी या धिप्पाड पात्राची पुणेरी पगडी घडतेय. कापड हव्या त्या रंगात रंगवता यावं, जरतार सोनेरी राहावी, असा प्रस्ताव आहे. माझा साफ विरोध. २००९ मध्ये पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय भडक गुलाबी फासायला? गेममधल्या रेड संघाला लाल, ब्लू संघाला निळी. विषय संपला.

बहुभुज: मानांकन खऱ्या पगडीच्या नावाला आहे हो, गेममधल्या टोपीच्या रंगाला नाही. खोट वेगळीच आहे. टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रात, कापड लाल ठेवून अल्फा चॅनेलात (एरवी पारदर्शकता ठरवणाऱ्या थरात) रंग कुठे लागावा याचा मास्क दिलाय. रंग त्या लालवर गुणला जातो, म्हणून हिरवा लावला की चिखल दिसतो. कापड फिकट राखाडी करा, तो मास्क वापरायला लावणारं ब्लेंडटिंटबायबेसअल्फा हे सेटिंग १ ठेवा आणि मूळचा लाल-निळा दोन व्हीएमटी फायलींत (मटेरियलची, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा याची, सेटिंग्ज असतात त्या) कलरटिंट_बेसमध्ये द्या.

जाळीवाला: आणि झिरमिळ्या? अल्फा मास्कला गेला, आता पारदर्शकता कुठून आणणार? त्यांना वेगळं मटेरियल लागेल. चमकेचा मास्क नॉर्मल मॅपच्या (उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या चित्राच्या) अल्फात टाका. पगडी काही फेट्यासारखी दरवेळी बांधत नाहीत, ती शिवून तयार, कडक असते. तेव्हा मॉडेलचं सगळं वजन, म्हणजे कशाबरोबर हलायचं ते, बिप_हेड या डोक्याच्या हाडाला, १०० टक्के. हलायच्या त्या झिरमिळ्या, जिगलबोनवर, म्हणजे आपोआप झुलणाऱ्या हाडावर.

कोथरूडकर: गेममधल्या नऊही पात्रांना द्या की!

जाळीवाला: मग नऊ डोक्यांवर बसवा. इंजिनिअरचं हेल्मेट, स्नायपरची हॅट बॉडीग्रुपने (मॉडेलचे भाग दाखवण्या-लपवण्याच्या सोयीने) लपवायला विसरलात, तर पगडी फोडून बाहेर येतील.

सदाशिवपेठी: तंत्र कबूल. पण गुलाबी पगडी म्हणजे चेष्टाच ना?

बहुभुज: २००७ च्या या गेमची शैली लायेनडेकर या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांवरून घेतलेली. पात्र लांबून ओळखायचं ते बाह्याकृतीवरून. पगडीही घडणीवरूनच ओळखू येते. म्हणून मोठ्या घड्या मेशमध्येच, म्हणजे मॉडेलच्या खऱ्या आकारातच करा. नॉर्मल मॅपवर ढकलल्या तर बाजूने पाहताना कडा गुळगुळीत दिसते आणि पगडीचं पातेलं होतं. अपमान म्हणायचाच तर त्याला म्हणा.

सदाशिवपेठी: बरं, मग दोन स्टाइल द्या. एक रंगणारी, एक न रंगणारी.

बहुभुज: आणखी दोन व्हीएमटी, एवढंच काम. चालेल. पहिली कुठली दिसणार?

सदाशिवपेठी: हे विचारायचं असतं का? न रंगणारी.

बहुभुज: मग दुसरी कोणी उघडूनही बघणार नाही. मला मान्य नाही.