मदत हवी आहे: मराठीसाठी सील ऑफ बायलिटरसी, परीक्षा कोणती?

मोगरा_७ (धागाकर्ती), १४ फेब्रुवारी
मुलगी यंदा बारावीला आहे, जूनमध्ये ग्रॅज्युएशन. त्यांच्या शाळेत सील ऑफ बायलिटरसी देतात, म्हणजे इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा नीट येते याचा डिप्लोमावर सोनेरी शिक्का लागतो. तिला तो मराठीसाठी हवा आहे. काउन्सेलरला विचारलं तर म्हणाली मराठी यादीत नाही, हिंदी आहे, तर हिंदीची परीक्षा दे. हिला हिंदी येत नाही. तीन मेल केल्या, तिन्हींना तेच उत्तर. कोणाच्या मुलांना मराठीसाठी मिळालं आहे का? परीक्षेचं नाव आणि लिंक द्या. शाळेने मुदत घातली आहे, जरा लवकर सांगा.

एडिसनकर, १४ फेब्रुवारी
कुठलं राज्य? प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. आमच्या न्यू जर्सीत कायदा २०१६ साली आला आणि इंटरमिजिएट-मिड (भाषा किती येते ते मोजायची मधली पायरी) पातळी लागते. इलिनॉयमध्ये पूर्ण सीलसाठी त्याच्या वरची, इंटरमिजिएट-हाय. राज्य न सांगता परीक्षेचं नाव विचारलंत तर दहा जण दहा नावं सांगतील.

खटाटोप, १४ फेब्रुवारी
काउन्सेलर बरोबर सांगते आहे. हिंदी देऊन मोकळ्या व्हा. माझ्या मुलाने गेल्या वर्षी हिंदीची स्टॅम्प नावाची भाषा-परीक्षा दिली. लिपी एकच. सहा आठवडे रोज अर्धा तास बसवला, निघाला. मराठी घरात आहेच, ती कुठे जात नाही. शिक्का कुठल्या भाषेचा आहे हे कॉलेजात कोणी विचारत नाही.

वऱ्हाडी_माणूस, १५ फेब्रुवारी
@खटाटोप, शिक्क्यावर भाषेचं नाव असो नसो, मुलीला माहीत असतं ना. तिने मागितली मराठी आणि आपण तिला सांगायचं की हिंदीवर भागव? तुमच्या मुलाचं अभिनंदन, पण त्याला हिंदी येत होती. या मुलीला येत नाही असं ताईंनी स्पष्ट लिहिलं आहे.

मोगरा_७, १५ फेब्रुवारी
कॅलिफोर्निया. बे एरिया. पब्लिक स्कूल. मला वाटलं सगळीकडे एकच परीक्षा असते. लिंक आहे का कोणाकडे?

तळेगावकर, १५ फेब्रुवारी
ताई, एक मार्ग सुचवतो. महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. मराठी प्रथम भाषा घ्यायची. माझ्या भाच्याने शाळा सुटल्यावर तसंच केलं. बोर्डाची गुणपत्रिका हाती आली की कोणाची बोलायची सोय राहत नाही.

एडिसनकर, १५ फेब्रुवारी
तळेगावकर काका, दहावी म्हणजे सगळे विषय, आणि मुलगी जूनमध्ये बारावी पास होते आहे. केवळ मराठीसाठी भारतात जाऊन बोर्डाला बसायचं?

तळेगावकर, १५ फेब्रुवारी
वेळ कमी आहे हे खरं. पण गुणपत्रिका आयुष्यभर राहते, म्हणून सांगितलं. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी लक्षात ठेवा.

रविवारची_शाळा, १५ फेब्रुवारी
मोगरा ताई, मी कॅलिफोर्नियातच आहे. दर रविवारी मराठी शाळेत शिकवते आणि दोन वर्षांपूर्वी एका मुलासाठी डिस्ट्रिक्टशी (शाळांचं स्थानिक प्रशासन) हे सगळं केलं आहे. काउन्सेलरने तुम्हाला दाखवली ती परीक्षांची यादी आहे. ती भाषांची यादी नाही. इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा सीलसाठी चालते, कायद्यात मराठीला कुठेही मनाई नाही. अडचण येते ती ‘येतं’ हे सिद्ध कशाने करायचं इथे. स्पॅनिश, फ्रेंच, चिनी वगैरेंना एपी (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची) परीक्षा आहे. मराठीला नाही, हिंदीलाही नाही. जिथे एपी नाही आणि बाजारात तयार परीक्षाही मिळत नाही, तिथे डिस्ट्रिक्ट स्वतःची परीक्षा घेऊ शकतं. ती चार वर्षांच्या हायस्कूल अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे, एवढं त्यांनी राज्याच्या शिक्षण अधीक्षकांना प्रमाणित करून द्यायचं. हे २०११ च्या मूळ कायद्यापासून आहे.

म्हणून आधी काउन्सेलरला बाजूला ठेवून डिस्ट्रिक्ट ऑफिसमध्ये वर्ल्ड लँग्वेजेस कोण बघतं ते शोधा. त्या व्यक्तीला दोनच प्रश्न लिहा. मराठीसाठी बाहेरच्या कुठल्या संस्थेची परीक्षा तुम्ही ग्राह्य धरता? धरत नसाल तर डिस्ट्रिक्टची परीक्षा घ्याल का? आणि २०२४ पासून राज्याचे निकष बदलले आहेत, तेव्हा नेटवरची जुनी पत्रकं बघून मेल लिहू नका.

आता मला सांगा. मुदत नक्की कधीची? मुलगी इथेच जन्मली का? आणि सगळ्यात मुख्य, तिला मराठी वाचता-लिहिता येतं का?

मोगरा_७, १५ फेब्रुवारी
मुदत ३० एप्रिल. जन्म इथलाच. मराठी उत्तम बोलते, आजीशी रोज व्हिडिओवर तास तास गप्पा चालतात. गणपतीत निवेदन तिनेच केलं होतं. डिस्ट्रिक्टला आज लिहिते.

रविवारची_शाळा, १६ फेब्रुवारी
निवेदन कागदावरून वाचलं की पाठ करून? वाचलं असेल तर देवनागरीतून की रोमन अक्षरांतून?

मेधा_नेपरव्हिल, १६ फेब्रुवारी
आम्ही इलिनॉयमध्ये. इथे सीलच्या खाली एक पायरी आहे, ‘कमेंडेशन टुवर्ड बायलिटरसी’. तिला इंटरमिजिएट-लो पुरतं. माझ्या मुलीला तेच मिळालं आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद झाला. कॅलिफोर्नियात अशी खालची पायरी नाही, पण एक सांगते. सील राज्याचंच हवं असा हट्ट नसेल तर ग्लोबल सील म्हणून वेगळं प्रमाणपत्र आहे, २०१८ पासून. ते खासगी आहे, शाळेशी त्याचा संबंध नाही, वयाची अट नाही. अर्थात परीक्षा त्यालाही द्यावीच लागते.

जुना_रहिवासी, १६ फेब्रुवारी
धाग्याचा विषय थोडा सोडून लिहितो, पण राहवत नाही. आम्ही १९९४ ला कॅलिफोर्नियात आलो. १९९८ मध्ये इथे प्रपोझिशन २२७ (मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा) पास झालं आणि शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ संपलं. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. आम्ही ऐकलं. नवीन देश, शिक्षिका सांगते आहे, कसं नाही ऐकणार? आज त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. माझी आई गेली तोवर त्या दोघांचं धड बोलणं कधी झालंच नाही.

त्याच राज्याने देशात सगळ्यांच्या आधी हे सील काढलं, २०१६ ला प्रपोझिशन ५८ आणून ती बंदी उठवली, आणि आता पोरांना दोन भाषांबद्दल डिप्लोमावर शिक्का मिळतो. म्हणून म्हणतो, मोगरा ताई, सोडू नका. हिंदीवर तडजोड करू नका.

खटाटोप, १६ फेब्रुवारी
काका, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. पण मुदत एप्रिलची आहे आणि डिस्ट्रिक्टला एका मुलीसाठी नवी परीक्षा तयार करायला सांगणं म्हणजे नुसत्या मीटिंगांत दोन महिने जातील. माझा सल्ला व्यवहाराचा आहे. मुलगी शाळेत दुसरी भाषा कोणती घेते? स्पॅनिश असेल तर एपी स्पॅनिशमध्ये पाचपैकी ३ मार्क पुरतात.

मोगरा_७, १६ फेब्रुवारी
स्पॅनिश तीन वर्षं केलं, या वर्षी सोडलं. पण विषय तो नाहीच. तिला मराठीसाठी हवं आहे, मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

एडिसनकर, १६ फेब्रुवारी
@खटाटोप, शिवाय एपीची परीक्षा मे महिन्यात असते आणि निकाल जुलैमध्ये. मेमध्ये एपी दिली तरी जूनच्या डिप्लोमाला तो निकाल काय कामाचा?

सह्याद्री_०९, १६ फेब्रुवारी
मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भारतीय वाणिज्य दूतावासाकडून तसं पत्र घेऊन शाळेला द्या. भाषा किती मोठी आहे हे त्यांना कळलं की ते नाही म्हणणार नाहीत.

रविवारची_शाळा, १७ फेब्रुवारी
सह्याद्री, अभिजात दर्जाचा आपल्या सगळ्यांनाच अभिमान आहे, पण डिस्ट्रिक्टला भाषेची थोरवी पटवायची नाहीये. त्यांना फक्त या मुलीला भाषा किती येते ते मोजायचं आहे. मोगरा ताई, माझा प्रश्न राहिला.

मोगरा_७, १७ फेब्रुवारी
देवनागरी वाचते, हळू. मराठी शाळेत सातवीपर्यंत जात होती, मग बास्केटबॉल रविवारी आला आणि शाळा सुटली. लिहिणं फारसं नाही. निवेदन मी रोमनमध्ये लिहून दिलं होतं. पण इतकं छान बोलते, ते पुरेसं नाही का?

रविवारची_शाळा, १७ फेब्रुवारी
नाही पुरत, ताई. सीलच्या नावातच लिटरसी आहे. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं, चारही बघतात. सूट आहे ती ज्या भाषांना लिपीच नाही त्यांच्यासाठी, मराठी त्यात बसत नाही. तुम्हाला निराश करायला हे सांगत नाही. आपल्या मुलांची गाडी बहुतेक इथेच अडते आणि घरात ते कळत नाही, कारण बोलणं इतकं सफाईदार असतं. मी ज्या मुलासाठी धावपळ केली तोही असाच होता. कोल्हापूरच्या आजोबांशी राजकारणावर वाद घालायचा आणि ‘ज्ञ’ दिसला की थांबायचा.

अडीच महिने आहेत. बोलणारं मूल असेल तर अडीच महिन्यांत पुष्कळ होतं, कारण शब्द तिच्याकडे आहेत, फक्त ते कागदावर उतरवायचे आहेत. रोज एक पान लिहायला लावा, विषय रोजचाच: आज काय झालं, काल सामन्यात काय झालं, उन्हाळ्यात काय करणार. भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळ आले पाहिजेत. इंटरमिजिएट म्हणजे आपल्याबद्दल, घराबद्दल वाक्यामागून वाक्य लिहिता येणं. ॲडव्हान्स्ड म्हणजे घडलेली गोष्ट अख्ख्या परिच्छेदात, काळ न चुकवता सांगणं. बोलण्यात हे ती करतच असणार.

आणि ऱ्हस्व-दीर्घ पहिल्या महिन्यात तपासू नका. मी तपासत बसले होते, त्या मुलाने आठवडाभर वही उघडली नाही.

वऱ्हाडी_माणूस, १७ फेब्रुवारी
एक शंका. आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात. माझी पोरगी ‘मी जाऊन राहिली’ म्हणते. परीक्षेत हे चूक धरतात का? तसं असेल तर अर्ध्या महाराष्ट्राची मुलं नापास.

शुद्धलेखन, १७ फेब्रुवारी
परीक्षा म्हटली की प्रमाण मराठीच. लेखनात तरी बोली चालणार नाही. मुलांना दोन्हीतला फरक शिकवला पाहिजे, त्यात बोलीचा अपमान नाही.

वऱ्हाडी_माणूस, १७ फेब्रुवारी
अपमान नाही म्हणता आणि चालणार नाही असंही म्हणता. पोरीला आजीची भाषा येते म्हणूनच तर ती द्विभाषिक आहे. तीच चूक ठरवली तर उरलं काय?

रविवारची_शाळा, १८ फेब्रुवारी
दोघांनाही सांगते. तोंडी परीक्षेत सहज बोलता येतं का, समोरच्याला कळतं का, गोष्ट शेवटपर्यंत नेता येते का, हे बघतात. ‘जाऊन राहिली’ म्हटल्याने गोष्ट अडत नाही. लेखनात प्रमाण भाषेची सवय असलेली बरी, कारण वाचनाचा उतारा त्याच भाषेत येतो. आमच्या शाळेत मुलं डायरी घरच्या बोलीत लिहितात, पत्र प्रमाण भाषेत. दोन्ही वह्या ठेवतात.

मेधा_नेपरव्हिल, १८ फेब्रुवारी
परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर टायपिंगची सवय आत्तापासून करा. माझी लेक हाताने बरं लिहायची, कीबोर्डवर जोडाक्षरं जमेनात म्हणून वेळ पुरला नाही. कुठला कीबोर्ड चालेल ते आधी लेखी विचारून घ्या.

शुद्धलेखन, १८ फेब्रुवारी
इनस्क्रिप्टच (देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड) शिकवा. फोनेटिकमध्ये (इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करणं) मूल इंग्रजी स्पेलिंगच्या अंगाने विचार करायला लागतं.

खटाटोप, १८ फेब्रुवारी
अडीच महिन्यांत लिहायला शिकायचं आणि इनस्क्रिप्टही? फोनेटिक ठीक आहे. तिला एका वेळी एकच गोष्ट करू द्या.

मोगरा_७, ५ मार्च
उशीर झाला, माफ करा. डिस्ट्रिक्टच्या वर्ल्ड लँग्वेजेसच्या बाईंना तेच दोन प्रश्न लिहिले. चार दिवसांत उत्तर आलं, फोनवर बोलल्याही. मराठीची मागणी त्यांच्याकडे याआधी आलीच नव्हती, नकार कोणी दिलाच नव्हता. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. बाहेरच्या परीक्षा संस्थांकडे मराठीचं काय उपलब्ध आहे ते त्या स्वतः विचारून दोन आठवड्यांत कळवतील. तसं काही मिळालं नाही तर डिस्ट्रिक्टची परीक्षा घेता येईल. तपासायला मराठी वाचणारं, शिकवण्याचा अनुभव असलेलं माणूस मात्र हवं, आणि ते आमच्या नात्यातलं नको.

लेकीला धागा वाचायला दिला. वाचताना तिला वेळ लागला, पण सगळा वाचला. जुना_रहिवासी काकांची पोस्ट तिने दोनदा वाचली आणि मला विचारलं, त्या आजींना इंग्रजी येत नव्हतं का? दुसऱ्या दिवसापासून रोज लिहिते आहे. आजीला पत्र लिहून फोटो पाठवते. आजी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवते, तिला थांबवणं माझ्या हातात नाही. आत्तापर्यंत अकरा पत्रं झाली.

आता तपासणारं माणूस. रविवारची_शाळा ताई, तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी?

रविवारची_शाळा, ५ मार्च
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आमच्या शाळेत दोन बाई आहेत, दोघींनी इथे येण्याआधी पुण्यात हायस्कूलला मराठी शिकवलं आहे. एक तरी नक्की तयार होईल. डिस्ट्रिक्टच्या बाईंचा होकार मात्र मेलवर घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. आणि आजींना सांगा, लाल पेन असू द्या, पण पत्राचं उत्तरही लिहा. वाचनाचा सराव त्यातच होईल.

खटाटोप, ६ मार्च
मोगरा ताई, हिंदीचा आग्रह मी मागे घेतो. माझ्याकडे मराठी वाचनाचे सोपे उतारे आहेत, मुलगा लहान असताना जमवलेले, साठेक पानं. पत्ता व्यनिने पाठवा, या शनिवारी पोस्टात टाकतो.